हाकेचं वळण

रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची गाडी सुटली आणि मी खिडकीशेजारी बसले. यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण एसटीत कंडक्टर म्हणून मी याच रस्त्यावर निम्मी नोकरी काढली, ती सगळी उभ्यानं. कुठल्या वळणावर गाडी किती कलते हे माझ्या गुडघ्यांना पाठ आहे. त्या वळणावर बाहेर काय दिसतं हे मात्र मला कधी कळलं नाही, कारण तेव्हा मी मागच्या सीटवरच्या कुणाशी तरी भांडत असायची. या खेपेला मी पिशवी मांडीवर घेतली आणि मनाशी ठरवलं, की गाडीत काही का होईना, आपण ओरडायचं नाही.

निघाले होते ते एका खेळाडूला बघायला. खेळ असा, की मंगळवार पेठेत त्याचं नाव काढलं तर लोक आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. पायाला लांब, अरुंद पट्ट्या बांधायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि बर्फावरून मैलोन् मैल जायचं. डोंगरावरून नुसतं घसरत खाली येतात तो खेळ वेगळा. यात चढसुद्धा आपल्याच पायांनी चढायचा असतो. क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात त्याला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अंथरुणात पडून टीव्ही बघत होते, आणि हिवाळी ऑलिंपिक लागलं होतं. शर्यत संपवून एकेक बाई रेषा ओलांडत होती आणि ओलांडल्याबरोबर बर्फात आडवी पडत होती. पहिली आलेली पडली, शेवटची आलेलीही पडली. मला रडूच आलं. डबल ड्युटी संपवून डेपोत उतरल्यावर मला रोज असंच पडावंसं वाटायचं, आणि मी रोज घरी जाऊन भाकरी थापायची. त्या दिवसापासून मी या खेळाची झाले.

मालक (आमच्याकडे बायका नवऱ्याला असंच म्हणतात) फुटबॉलवाले. पेठेच्या संघाची मॅच असली की घरी जेवत नाहीत. ते म्हणाले, "बर्फातनं चालायचं आन् शेवटी पडायचं. ह्येला खेळ म्हणत्यात व्हय?"

"तुमची फुटबॉलची पोरं तर चालायच्या आधीच पडत्यात," मी म्हणाले.

पुढं कधीतरी कळलं, की आपल्या देशाकडून या खेळात उतरणाऱ्या मोजक्या मुलींत एक गगनबावड्याच्या धनगरवाड्यावरची आहे. शीतल तिचं नाव. शाळेत लांब पल्ल्याचं पळायची, पुढं सुरक्षा दलात भरती झाली, उत्तरेला बर्फात नेमणूक झाली आणि तिथं कुणीतरी तिच्या पायाला पट्ट्या बांधल्या. पेठेत सांगितलं तर म्हणे, नावातच गारवा आहे, जमणारच. मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

तिच्या शर्यती टीव्हीवर दाखवत नाहीत. मोबाइलवर नुसत्या वेळा येतात. वाटेत ठिकठिकाणी नोंद करायची सोय असते, खेळाडू तिथून गेला की त्याच्या नावापुढं वेळ उमटते. मधल्या जागेत काय चाललंय ते आपण डोळे मिटून बघायचं. ऑलिंपिकला जायचं तर ठराविक स्पर्धांतल्या पाच चांगल्या शर्यतींची सरासरी ठरलेल्या हद्दीच्या आत लागते, आणि इथं गुण जितके कमी तितके चांगले. गेल्या हिवाळ्यात शीतलच्या चार शर्यती झकास झाल्या होत्या. पाचवीत पहिली नोंद चांगली आली, दुसरी त्याहून चांगली आली. मग काहीच आलं नाही. माझ्या हातातला चहा गार झाला, त्यावर साय धरली, तरी तिसरी नोंद येईना. आली तेव्हा ती सगळ्यांच्या शेवटी होती आणि सरासरी हद्दीबाहेर गेली होती.

मी तिला मेसेज टाकला. ती अधूनमधून उत्तर द्यायची. तिनं लिहिलं, 'बूट सुटला.' पण बूट घालायला एवढा वेळ लागतो होय? चपलेचा अंगठा तुटलेला असताना मी चालती गाडी पकडली आहे. ते मधलं रिकामं मला महिनोन् महिने छळत राहिलं. आता एकच हिवाळा उरला होता आणि त्यात तिला एक चांगली शर्यत हवी होती. श्रावणात तिचा मेसेज आला, की आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर आलेय, बंद घाटात सराव करते, मावशी येऊन जा. मी दुसऱ्या दिवशी निघाले.

कळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता आणि वर ऊन-पावसाचा खेळ. साळवण सोडलं तसा ऊस संपला आणि भाताची खाचरं लागली. असळजच्या पुढं धुकं आलं. ते आलं म्हणजे समोरून आलं नाही. आधी लांबचे डोंगर गेले, मग जवळची झाडं गेली, मग खिडकीच्या काचेपलीकडचा रस्ताही गेला. गाडीतले लोक आपोआप हळू बोलायला लागले. आमचा कंडक्टर तरणा, सभ्य मुलगा होता. "पुढे सरका, प्लीज," असं तो दर थांब्याला म्हणायचा आणि कुणी जागचं हलायचं नाही. माझी जीभ शिवशिवत होती. मी पिशवीचे बंद घट्ट धरले.

शेजारी बाजाराची पाटी घेतलेली म्हातारी बसली होती. मी बंद घाटाकडं निघालेय म्हटल्यावर तिनं माझ्याकडं नीट वळून बघितलं.

"दरड पडल्यापास्नं त्या घाटात कोण जात न्हाय. गाड्या दुसऱ्या घाटानं जात्यात," ती म्हणाली. "आत काठी वाजती म्हणं. टिक टिक टिक. माणूस दिसत न्हाय. आन् बाई हाक मारती, एकदाच."

काठीचं कोडं मला सुटलेलं होतं. बर्फ नसतो तेव्हा हे खेळाडू चाकं लावलेल्या आखूड पट्ट्यांवर डांबरी रस्त्यावर सराव करतात, आणि काठीचं लोखंडी टोक डांबरावर वाजतं. मी म्हातारीला तसं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"काठीचं झालं," ती म्हणाली. "हाकंचं काय?"

मी पिशवी उचलली. गाडी गगनबावड्यात थांबली.

स्टँडसमोर मुजावरचाचांचं हॉटेल आहे. कंडक्टर असताना मी तिथं कटवडा खायची. त्यांनी मला ओळखलं आणि न विचारता वड्यावर जादा कट, म्हणजे तिखट रस्सा, ओतला. हॉटेलाच्या दारातून रस्ता दिसत नव्हता. धुक्यातून माणूस एकदम दारातच उमटायचा आणि चहा पिऊन दारातच विरायचा. मी चाचांना हाकेचं विचारलं. ते भजी काढता काढता थांबले.

"पोरगी वळणावर 'वाट' म्हणून वरडती, कुणी आडवं येऊ न्हाय म्हणून. ती हाक मला ठावं हाय," ते म्हणाले. "पर अक्का, एका हाकंला आमच्याकडं कोण हलत न्हाय. मागनं हाक आली की जाग्यावर थांबायचं. मागं बघायचं न्हाय, ओ द्यायची न्हाय. तिसरी हाक आली की समजायचं माणूस हाय. दुसरं जे असतंय, ते एकदाच बोलवतंय."

हे मला माझ्या आईनंही सांगितलं होतं. पण मंगळवार पेठेत पहिल्या हाकेवर कुणी वळतच नाही, सगळ्यांनाच चार-चार हाका माराव्या लागतात, त्यामुळं आमच्याकडं भुतांचं काही चालत नसावं. मी तसं म्हटल्यावर चाचा हसले, पण अर्धवटच.

"घाटात हाकंचं वळण म्हणून एक जागा हाय," ते म्हणाले. "तिथं हाक मारली की समोरचा कडा दोनदा परत देतोय. आपली एक, कड्याच्या दोन. तीन झाल्या की माणूस. परत आली न्हाय, तर मग तिथं जास्त येळ थांबू नगा."

एवढ्यात दारात शीतल उमटली. मी तिला इतकी वर्षं नावापुढच्या आकड्यांत बघत होते, त्यामुळं ती उंच असेल असं उगीच धरून चालले होते. ती माझ्या खांद्याएवढी होती. चेहरा उन्हानं रापलेला आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराची फिकट कातडी. बर्फावरच्या उन्हाची ती खूण होती. पाठीवर पट्ट्या आणि काठ्या गोणपाटात गुंडाळलेल्या.

"मावशी? मी आलो," ती म्हणाली. आमच्या भागात बाईमाणूसही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते. देश-विदेश फिरून आलेल्या पोरीच्या तोंडी ते ऐकून मला फार बरं वाटलं. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या हातावरचे घट्टे माझ्या पाठीला लागले.

आम्ही घाटाकडं चालत गेलो. लोखंडी आडकाठी वाकून ओलांडली आणि पलीकडं एकदम शांतता लागली. ज्या रस्त्यावर मी रात्रंदिवस हॉर्न ऐकले त्या रस्त्यावर शेवाळ चढलं होतं. डांबराच्या फटींतून गवत वर आलं होतं. एके ठिकाणी कठड्यावर जुन्या अपघातातल्या गाडीचा रंग अजून होता. गाडी इथून उतरायची तेव्हा मी मागं तिकिटं फाडत असायची, म्हणजे हा घाट मी शेकडो वेळा उतरले आणि एकदाही पाहिला नाही. आताही दिसत नव्हताच. डावीकडं दरी होती असं नुसतं पायांना कळत होतं, कारण तिकडून गार वारा तळपायाकडून वर यायचा.

हाकेच्या वळणावर शीतल थांबली. तोंडाशी हात धरून तिनं "ओ!" केलं. समोरच्या पांढऱ्यातून कुणीतरी "ओ" म्हणालं आणि मग आणखी लांबून, जरा थकलेलं, पुन्हा "ओ".

"हाय," ती म्हणाली. "जाग्यावर हाय कडा."

ती मला गंमत वाटली. तिच्या चेहऱ्यावर मात्र गंमत नव्हती. रोज इथं आल्यावर आधी हे करूनच ती सराव सुरू करते, असं ती म्हणाली. तिला बेत विचारला तर सांगितलं, की ती खाली उतरून जाणार, खालून या वळणापर्यंत जोरात चढून येणार, परत खाली जाणार, असं अंग मोडेपर्यंत. मी वळणावर कठड्यापाशी उभं राहायचं आणि पाण्याची बाटली धरायची. इतकी वर्षं लांबून जीव टाकल्यावर बाटली धरायला मिळाली, याहून काय पाहिजे? ती धुक्यात उतरली. थोडा वेळ चाकांची घरघर ऐकू आली, मग तीही नाही.

बराच वेळ मी एकटी होते. धुकं हलत नव्हतं, पण त्यात काहीतरी चालल्यासारखं वाटायचं, आणि बघितलं की झाड असायचं. पाण्याचा थेंब पिशवीवर पडला तरी मी दचकत होते. मी काही भित्री बाई नाही. शेवटच्या गाडीतले दारूडे मी गचांडी धरून उतरवलेत. पण त्या वळणावर माझ्या मानेवर सारखं कुणाचं तरी लक्ष असल्यासारखं वाटत होतं, आणि मागं बघायचं धाडस होत नव्हतं.

मग खालून आवाज आला. टिक टिक. टिक टिक. दोन काठ्या एकदम टेकत, एका लयीत, वर वर येत. अंगावर काटा आला आणि तरी आनंदही झाला, की हेच ते. मोबाइलवरच्या दोन नोंदींच्या मधलं जे मला कधी दिसलं नाही, ते हेच. टिक टिक जवळ येत होती.

त्याच वेळी वरच्या उतारावरून धनगरवाड्यावरच्या म्हशी रस्त्यावर उतरल्या. धुक्यातून आधी शिंगं आली, मग कपाळं. बघता बघता त्यांनी रस्ता अडवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. खालून पोरगी जिवाच्या आकांतानं चढून येतेय, आणि ह्या रवंथ करतायत! माझा ताबा सुटला. स्टँडवर गर्दीत मारायची तशी, पोटातून हाक गेली.

"ए, सरका पुढं!"

म्हशी सरकल्या. माझ्या नोकरीत प्रवाशांनी इतक्या लवकर कधी ऐकलं नाही. मला हसू आलं, आणि ते तोंडातच राहिलं. कड्यानं हाक परत दिली नव्हती. मी वाट बघितली. समोरून काही आलं नाही, ना एकदा, ना दोनदा. माझी हाक त्या पांढऱ्यात गेली ती गेलीच. आणि खालची टिक टिकही थांबली होती.

मी उभी राहिले. ती सुरू होईना. पडली असेल, पाय मुरगळला असेल, असं म्हणत मी कठड्याला धरून गुडघा सांभाळत खाली उतरले. हाका मारायची हिंमत होत नव्हती. एका वाकणापाशी ती दिसली. रस्त्याच्या मधोमध, काठ्या दोन्ही बाजूंना रोवून, ताठ उभी होती. डोळे मिटलेले. पापण्यांवर पाण्याचे थेंब साचले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

मी जवळ गेले. तिनं डोळे उघडले नाहीत.

"दुसरी हाक मारा," ती अगदी हळू म्हणाली.

मी तोंडाशी हात धरले. आणि मारली. "सरका पुढं!" वरच्या कड्यानं ती दोनदा परत दिली, पहिल्यांदा स्पष्ट, दुसऱ्यांदा थकलेली.

"तिसरी."

तिसरी मारली. तीही परत आली. तेव्हा शीतलनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघत राहिली.

"तुमीच हुता व्हय," ती म्हणाली. "बोलताना वळखला न्हाय आवाज. वरडल्यावर वळखला. मावशी, त्या दिवशी बर्फात पण तुमीच हुता."

धनगरवाड्याच्या वाटेवर तिनं सगळं सांगितलं. ते तिनं आजवर प्रशिक्षकांनाही सांगितलेलं नव्हतं. त्या पाचव्या शर्यतीत दुसरी नोंद ओलांडून ती झाडांत शिरली. बर्फ पडत होता, पुढं-मागं कुणी नव्हतं, अंग छान लागलं होतं. आणि मागून बाईचा मोठा आवाज आला, चक्क मराठीत. सरका पुढं. एकदाच.

"शर्यतीत मागनं कोण आलं की हाक मारतंय, आन् पहिल्या हाकंला वाट द्यायची असा नियमच हाय," ती म्हणाली. "ती मी देतो. त्यांच्या भाषेतली हाक मला माणसाची वाटती. पर मराठीतली आली आन् पाय थांबलं. पोरगी असल्यापास्नं थांबत्यात तसं. मागं बघितलं न्हाय. दुसरी येती का म्हणून उभा ऱ्हायलो. दुसरी आलीच न्हाय. किती येळ गेला, मला कळलं न्हाय. मग मागनं खरंच एक जण आली, तिनं ढकलल्यावर हाललो."

म्हणजे ज्या रिकाम्या जागेनं मला छळलं, तिथं ती उभी होती. बर्फात एकटी, दुसऱ्या हाकेची वाट बघत.

आणि त्या दिवशी मी काय करत होते? दुसरी नोंद इतकी सुंदर आली, की मी सवयीनं मोबाइलकडं बघून 'सरका पुढं!' असं ओरडले होते. मालकांच्या हातातला चहा लेंग्यावर सांडला होता. "अगं हळू, पेठ गोळा हुईल," असं ते म्हणाले होते. आपण बघितलं की आपला माणूस बाद होतो, आपण जागेवरून उठलो की गोल होतो, असं खेळ बघणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि कुणाचाच त्यावर विश्वास नसतो. माझाही नव्हता. आता त्या ओल्या पायवाटेवर मला सपाटून थंडी वाजायला लागली. जिच्यासाठी मी देव पाण्यात ठेवले होते, तिला मीच थांबवलं होतं काय?

धनगरवाडा म्हणजे चार-पाच घरं आणि त्यांच्याहून मोठे गोठे. शीतलची आई चुलीपाशी बसली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं मला आरपार बघत होती. तिनं नाचणीची गरम भाकरी, रानातल्या अळंब्यांची भाजी (पावसात उगवणारी छत्री) आणि वाडगाभर ताक पुढं ठेवलं. मला घास गिळेना. मी सगळं तिला सांगून टाकलं आणि म्हणाले, "मी आता शर्यत बघणारच न्हाय. मोबाइल मालकांकडं देतो आन् देवळात जाऊन बसतो. तोंडातनं शब्द काढणार न्हाय."

शीतल म्हणाली, "नगं मावशी. तुमी बघत न्हाय म्हटल्यावर तिकडं माझं कोण हाय?"

ते इतकं सरळ म्हणाली, की माझे डोळे भरून आले. आईला मात्र त्याचं काही वाटलं नाही. ती भाकरी उलटत म्हणाली, "हाकंची ती रीत मीच शिकवलीया तिला. धुक्यातनं, रानातनं शाळंला जायची. ती पाळली म्हणून पोरगी रोज घरी आली. आता ती तिच्या अंगातनं निघायची न्हाय, आन् काढायची पण न्हाय."

"मग काय करू?" मी विचारलं.

"तीनदा मारा की!" ती माझ्यावर खेकसली. "एकदाच वरडून गप्प बसायचं, ही काय रीत झाली? माणूस हाय तर माणसासारखी हाक मारावी."

खरंच होतं. कंडक्टर एकदाच ओरडतो आणि घंटीची दोरी ओढतो. दुसऱ्यांदा ओरडायची मला कधी गरजच पडली नव्हती. ठरलं. हिवाळ्यातल्या शर्यतीत दुसरी नोंद आली, की मी तीन हाका मारायच्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. मग मी तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघाले. शीतल आणि चाचा स्टँडवर सोडायला आले होते. गाडी हलली तशी ती दोघं खिडकीतूनच विरून गेली. कळ्याला ऊन लागलं, ऊस दिसायला लागला, गाडीत लोक पुन्हा मोठ्यानं भांडू लागले. मला वाटलं होतं, उजेडात आल्यावर हे सगळं हसण्यावारी जाईल. तसं झालं नाही. घाटात जी पहिली हाक परत आली नव्हती ती माझ्या मनातून जाईना. दुसरी आली, तिसरी आली, मग ती कुठं गेली? आपण प्रवासाला जातो, दोन गोष्टी बघतो, चार वस्तू आणतो आणि सगळं गोळा करून घरी आलो असं समजतो. माझी एक वस्तू तिकडं राहिली होती, आणि ती शोधायला कुठल्या गाडीनं जावं हे मला ठाऊक नव्हतं.

हिवाळा आला. शर्यत आपल्याकडच्या दुपारी होती. मालकांनी पेठेत काय सांगितलं देव जाणे, पण आमच्या दारात फुटबॉलच्या मॅचला जमावी तशी गर्दी जमली. या खेळात कुठली पट्टी कुठल्या पायाला बांधतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मालक मोबाइल धरून पायरीवर बसले आणि मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले. पहिली नोंद बरी आली. दुसरी चांगली आली.

"आली गं!" मालक ओरडले. "मार!"

मी मारली. "सरका पुढं!" कोपऱ्यावरची रिक्षा सरकली. दुसरी मारली, रस्त्यातली माणसं भिंतीला लागली. तिसरी मारली तेव्हा गल्लीत सरकायला कुणी उरलंच नव्हतं. मग मी तोंड मिटलं, वर पदर धरला, आणि सगळे मोबाइलकडं बघत राहिलो. मला दिसत होता तो रस्ता, आणि रोवलेल्या काठ्या, आणि मिटलेले डोळे. चालव पाय, बाई, चालव.

तिसरी नोंद उमटली. मालक किंचाळले. मग चौथी, मग शेवटची. मालकांनी हिशेब करकरून पाहिला, दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतला आणि पायरीवरून उठले. "आत हाय!" ते म्हणाले. "सरासरी आत हाय गं! पोरगी गेली ऑलिंपिकला!" आणि ज्या माणसानं या खेळाला कधी खेळ म्हटलं नाही, तो माणूस गल्लीतच मांडी घालून खाली बसला आणि डोळे पुसायला लागला. कुणीतरी पेढे आणायला पळालं. मी दाराला धरून उभी राहिले. रेषा ओलांडल्यावर त्या पडतात, तसं मला पडावंसं वाटत होतं.

संध्याकाळी शीतलचा फोन आला. आम्ही दोघीही आधी नुसत्याच रडलो. मग तिनं विचारलं, "मावशी, तीन ठरल्या हुत्या की. चौथी कशाला मारली?"

"तीनच मारल्या," मी म्हणाले. "सगळी पेठ साक्षीला हाय."

"तीन लागोपाठ आल्या, झाडांत शिरल्यावर. थांबलो न्हाय. हसू आलं मला. पर शेवटच्या चढावर पाय संपलं हुतं माझं, काठ्या उचलत नव्हत्या. तिथं अजून एक आली. एकटीच. तुमचाच आवाज, पर लांबनं, दमल्यागत. पाय थांबाय बघत हुतं. मी म्हटलं, आता ही वळखीची हाय, आन् गेलो तसाच वर. खरं सांगा, कवा मारली?"

मालक पेढ्याचा पुडा हातात घेऊन माझ्या तोंडाकडं बघत होते. मला म्हशींची शिंगं दिसली, आणि समोरचं ते पांढरं, ज्यानं मला काहीच परत दिलं नव्हतं.

"श्रावणातली एक राहिलती," मी म्हणाले. "ती पोचली."